पाचपैकी पाच

दार एकदम उघडलं आणि थेट ससुलीच्या कपाळावर बसलं.

खरं तर चूक तिचीच होती. घंटा वाजवावी की परत फिरावं, ह्या विचारात ती कधीची त्या चष्म्याच्या दुकानाच्या दाराला चिकटून उभी होती. आतून एक तरुण खांदा लावून दार ढकलत होता, कारण ते दार अडकायचं. तिने एकदा धीर करून मान पुढे केली, त्याने शेवटचा जोर लावला, आणि...

"अरे बापरे! लागलं का?"

"नाही," ससुली म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"लागलंय. डोळे वाहताहेत."

"ते... ते माझं असंच असतं."

"असं कुणाचंही असंच नसतं. मी डोळ्यांचीच कामं करतो, मला फसवू नका. आत या, बसा."

ती आत गेली, कारण नाही म्हणायचीही तिला भीती वाटायची. तिला तशी कशाचीही भीती वाटायची. म्हणून तर भावाने लहानपणीच तिचं नाव ससुली ठेवलं होतं आणि घरात सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं. बंद दारांची भीती तर फारच. बंद दारामागे कुत्रा असेल, नुकतंच निजलेलं बाळ असेल, ऐन भांडणात असलेलं जोडपं असेल... आणि नशीब असं, की तिला नोकरी लागली ती दारं वाजवण्याची! नगरपालिकेच्या पाहणी विभागात. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि घरोघर एकच पालुपद — पाणी, कचरा, रस्त्यावरचे दिवे, गटारं, ह्या सगळ्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाचमध्ये सांगा.

चष्मेवाल्याने ओल्या रुमालाची घडी तिच्या हातात दिली. "कपाळावर धरा. आणि विचारा काय ते."

"पाणीपुरवठ्याबद्दल तुम्ही—"

"पाच."

"कचरा..."

"पाच."

"अजून प्रश्न पुरा झाला नाही."

"तुमचा प्रश्न अर्धाच छान वाटतो," तो हसून म्हणाला. "पुढचा विचारा. पाच."

ससुलीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने पटापट पाच-पाच टिपले आणि वर राहणाऱ्यांकडे जाते म्हणाली. त्याचं हसू क्षणभर विरलं. "पहिल्या मजल्यावर आम्हीच. मी आणि माझी आत्या. तिचंही पाचच लिहा, तिला उगीच उठवू नका."

दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. मशिनवरून मान न उचलता त्या म्हणाल्या, "सगळ्याला पाच." सर्वांत वर निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. मास्तरांनी दार बोटभरच उघडलं. "पाच. आम्ही अतिशय समाधानी आहोत. नमस्कार." आणि दार लागलं. म्हणजे लागलं नाही, कोपऱ्यात अडकलं. आतून दोघांनी मिळून ते ढकलल्याचा आवाज ससुलीने ऐकला.

जिना उतरताना तिला उगीचच कठड्याला घट्ट धरावंसं वाटलं. कसली भीती वाटतेय हे तिला कळेना. माणसं तर चांगली होती.

तिचे साहेब मात्र आकडे बघून खुर्चीत मागे रेलले.

"अख्ख्या इमारतीने पाचपैकी पाच? अहो, मी स्वतः नगरपालिकेत नोकरी करतो आणि मी घरी तीन देतो! एवढं समाधान कुणाचंच नसतं. परत जा. नीट बसून विचारा."

एरवी 'परत जा' म्हटलं की ससुली शंभर सबबी शोधायची. त्या दिवशी एकही शोधली नाही. घरी वहिनीने तिला आरशासमोर तिसऱ्यांदा केस विंचरताना पकडलं.

"पाहणीला जातेयस की पाहायच्या कार्यक्रमाला?"

"वहिनी! काहीतरीच."

"बरं बाई. तू दार वाजवायला खुशीने निघालीस, म्हणून विचारलं. घाबरलेय मी."

---

"तुम्ही टॅब नाकाला लावून वाचता," चष्मेवाला म्हणाला. नीट बसून विचारायला आलेल्या ससुलीला त्याने तपासणीच्या खुर्चीत नीट बसवलं होतं. "आधी डोळे, मग प्रश्न."

"मला नीट दिसतं."

"दार दिसलं नव्हतं तुम्हाला."

त्याने तपासणीची जड गोल चौकट तिच्या नाकावर ठेवली आणि एकेक भिंग घालू लागला. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. दुकानाबाहेर रिपरिप चालू होती. त्याच्या बोटांना साबणाचा वास होता. भिंग बदलताना तो श्वास रोखून धरायचा, आणि ससुलीही.

"ह्याने बरं दिसतं, की... ह्याने?"

"पहिल्याने."

"आणि आता?"

"आता तुमची मिशी दिसते."

"मिशी नाही हो, दाढी करायची राहिलीय. समोर बघा, माझ्याकडे नको." मग जरा थांबून, "म्हणजे... बघा. पण नंतर."

ससुलीने समोर बघितलं. अक्षरं कशी लख्ख झाली होती! शेवटची ओळसुद्धा. तक्त्याची चौकट, तिच्यावरचा खिळा, आणि तक्त्याच्या कोपऱ्यातून वर निघालेली एक काळी बारीक रेघ...

"काचेवर केस आहे," ती म्हणाली.

त्याने भिंग काढलं, पुसलं, परत घातलं.

"अजून आहे."

त्याने पुसायचं फडकं खाली ठेवलं. ससुलीची नजर त्या रेघेबरोबर वर वर गेली. रेघ छतापर्यंत गेली होती. छताजवळ ती रेघ राहिली नव्हती, तिच्यात बोट गेलं असतं. आणि मध्यावर, रेघेच्या आरपार, दोन्ही टोकांना गिलावा थापून काचेची एक अरुंद पट्टी चिकटवलेली होती.

"केस नाही तो," चष्मेवाला हलकेच म्हणाला.

दोघंही गप्प झाले तेव्हा भिंतीतून भुरभुर असा आवाज आला. कुणी मुठीतून वाळू सोडावी तसा. कदाचित तो सगळा वेळ येतच होता. ससुली खुर्चीतून उठली.

"कधीपासून?"

"थंडी पडायला लागली तेव्हापासून. मागच्या गल्लीत नळाची मोठी लाईन आहे, ती कुठेतरी गळते. पाणी आमच्या पायाखाली येतंय. आधी दारं अडकायला लागली, मग हे."

"तक्रार का नाही केली?"

"रस्त्याच्या टोकाची इमारत आठवते? त्यांनी केली होती. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने धोकादायक म्हणून पाटी लावली, माणसं बाहेर काढली. आजपर्यंत एकालाही घर परत मिळालेलं नाही." त्याने चौकट तिच्या नाकावरून अलगद उतरवली. सगळं पुन्हा धूसर झालं. "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. कुणी विचारलं तर पाच. आत्याने उभं आयुष्य ह्या घरात काढलं. आईबाप गेल्यावर मला इथेच वाढवलं. तिला ह्या वयात कुठे नेऊ मी?"

"पण भिंत..."

"ती काच बघितलीत? भेग जराही वाढली, तर काच तडकणार. रोज सकाळी दुकान उघडतो तो आधी तिच्याकडे बघतो. आजवर शाबूत आहे. जोवर ती शाबूत आहे, तोवर... नका सांगू कुणाला."

"आणि तडकली तर?"

"तर मी स्वतः तुम्हाला सांगेन. शब्द देतो."

त्याचे डोळे जवळून बघितल्यावर ससुलीला कळलं, की हा माणूस तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे. आजवर तिला तिच्याएवढं घाबरणारं कुणी भेटलंच नव्हतं. तिने मान हलवली. ऑफिसात जाऊन सांगितलं, परत विचारलं साहेब, पाचच म्हणतात. खोटं बोलताना ती टॅबकडेच बघत राहिली.

---

मग तिचं तिकडे जाणं सुरू झालं. निमित्त होतं चष्म्याचं. एकदा चौकट निवडायची होती. एकदा नाकावरची पट्टी टोचत होती. एकदा कानावरची काडी बसेना. चष्मेवाला तिला भिंतीकडच्या स्टुलावर बसवायचा, हातात आरसा द्यायचा आणि अगदी मन लावून काडी वाकवायचा.

"ही चौकट घातली की तुम्ही हुशार दिसता."

"आणि एरवी?"

"एरवी... सुंदर. पण चष्मा विकायचाय मला, सुंदर म्हणून कसं चालेल?"

ती हसायची, आणि हसता हसता कान भिंतीकडे असायचा. तो बोलायचा, आणि बोलता बोलता नजर काचेकडे जायची. वरून काकूंच्या मशिनची घरघर सुरू झाली की दोघंही एकदम गप्प. ट्रक गेला की आरशातलं तिचं तोंड थरथरायचं. कधी तो नकळत तिच्या डोक्यावर आपला तळहात धरायचा. जणू छत आलंच खाली, तर तेवढ्याने अडणार होतं!

घरी तिची झोप उडाली. जेवताना ती भावाच्या घराच्या भिंती न्याहाळायची. "ससुली, रंग द्यायचा विचार आहे का?" भाऊ विचारायचा. वहिनी काही विचारायची नाही, नुसती बघायची. प्रेमात पडल्यावर भूक लागत नाही म्हणतात. ससुलीला कळत नव्हतं, की आपला घास अडतो तो प्रेमाने, की त्या भेगेने.

त्या दुपारी हवा कुंद होती. चष्मा तयार झाल्याचा निरोप होता. चष्मेवाल्याने तो स्वतःच्या हाताने तिला घातला, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं, काडी दोनदा कानाला लागली.

"झालं," तो म्हणाला. "आता... आता यायची गरज नाही तुम्हाला."

हे असं तुटक त्याने कधी म्हटलं नव्हतं. ससुलीने समोर बघितलं. अक्षरांचा तक्ता आपल्या जागेवर नव्हता. तो वर सरकवून टांगला होता. बरोबर काचपट्टीवर.

ती उठली. तो "नको" म्हणाला, पण तेवढ्यात तिने तक्ता उचलला होता.

काच मधोमध तडकली होती. दोन तुकडे, आणि मध्ये चक्क फट.

"कधी?"

त्याने तक्ता घ्यायला हात पुढे केला.

"कधी, विचारतेय मी!"

"परवा."

"परवा? आणि तुम्ही... तुम्ही शब्द दिला होता."

"आत्याला कुठे नेऊ, सांगा ना! दुकान गेलं तर खायचं काय? आणि सगळे मला म्हणतील, तूच ती पाहणीवाली घरात घेतलीस..." त्याचा आवाज चिरका झाला. "परवापासून दहा वेळा निघालो तुमच्या ऑफिसकडे. पाऊलच उचलत नाही हो."

ससुलीला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. रडू येईल. पण आली ती नेहमीचीच भीती, ओळखीची. फरक एवढाच, की ह्या वेळी ती भीती वरच्या मजल्यावर शिवत बसलेल्या काकूंसाठी होती, दार ढकलणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांसाठी होती, आणि समोरच्या ह्या माणसासाठी... त्याच्यासाठी तर सगळ्यांत जास्त.

"मी सांगणार आहे," ती म्हणाली. "आज, आत्ता. पण चोरून नाही. आधी ह्यांना सांगते."

आणि ती जिन्याकडे निघाली.

काकूंनी मशिन थांबवून तिचं ऐकलं आणि म्हणाल्या, "माझं सगळं कापड इथे आहे गं, गिऱ्हाइकांचं. कुठे मांडू ते, रस्त्यावर?" मास्तरांनी दार पूर्ण उघडलं ते ओरडण्यासाठी. "नोकरी टिकवायला आमची घरं घालवणार? तुमच्या घरी धड भिंती आहेत ना? मग झालं!" "हो काका," ससुली म्हणाली. "पण तुम्ही आज बाहेर पडा. माझ्यावर ओरडा, पण बाहेर पडून ओरडा."

पहिल्या मजल्याचं दार तिने सर्वांत शेवटी वाजवलं. चष्मेवाला मागे येऊन उभा होता, भिंतीला टेकून, पांढराफटक.

आत्याबाई काठी टेकत आल्या. ठेंगण्या, बारीक, आणि भर दुपारी घरातल्या घरात पायात बूट.

"आत्या," ससुलीला दुसरं काही सुचलं नाही, "खालची भिंत फाटतेय. मी नगरपालिकेत सांगायला चाललेय. तुम्हाला घर सोडावं लागेल. माफ करा मला."

आत्याबाईंनी काठी दाराला टेकवली. मग बूट घातलेला एक पाय पुढे केला.

"हे बघितलंस? बूट घालूनच झोपते मी. काही झालं तर पळता यावं म्हणून. ह्या पायांनी काय पळणार, पण घालते. भिंत रात्रभर बोलते माझ्या उशाशी."

"आत्या!" चष्मेवाला पुढे आला. "तू... मला कधी म्हणाली नाहीस."

"तुझं दुकान आहे खाली. तू एवढ्या कष्टाने उभं केलंस. म्हटलं, ह्याला सोडवत नाही, तर मी कशाला भुणभुण लावू?"

"मी तुझ्यासाठी थांबलो होतो!"

"आणि मी तुझ्यासाठी." त्यांनी पुन्हा काठी हातात घेतली. "ही पोरगी पहिल्यांदा आली, तेव्हा मी जागीच होते. तू माझे पाच सांगून टाकलेस. मला कुणी विचारलंच नाही रे. एक. माझा एक होता."

चष्मेवाला जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ससुली त्याच्या बाजूने खाली उतरली. त्याच्या खांद्याला हात लावावा असं फार वाटलं. पण तो हात झटकेल, ह्या भीतीने तिने लावला नाही.

---

साहेबांनी तिचं बोलणं मध्येच थांबवलं आणि फोन उचलला. संध्याकाळच्या आत इंजिनीयर आले, दोरी बांधली, लाल पाटी लावली. माणसं सामान काढत होती. काकूंचे कापडाचे गठ्ठे, मास्तरांची पुस्तकं, चष्मेवाल्याच्या भिंगांच्या पेट्या. शाळेच्या एका रिकाम्या हॉलमध्ये सगळ्यांची तात्पुरती सोय केली होती. ससुली रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत होती. मास्तरांच्या बायकोने तिच्याकडे बघून मान फिरवली. चष्मेवाला पेट्या ठेवून आत्याला हाताला धरून टेम्पोत बसवत होता. त्याने एकदा वर बघितलं. नजरेत काय होतं, ते तिला नव्या चष्म्यातूनही वाचता आलं नाही. मग टेम्पो गेला.

त्यानंतर काहीच नाही. फोन नाही, निरोप नाही.

ससुली कामावर जात होती. दारं वाजवत होती. लोक रागावत होते, हसत होते, दोन-तीन देत होते. एका इंजिनीयरला तिने भीत भीत विचारलं, "ती इमारत... पडली असती का हो?" तो खांदे उडवून म्हणाला, "दहा दिवसांत पडली असती किंवा दहा वर्षं उभी राहिली असती. उतरवल्याशिवाय कळत नाही." आणि मग तिची भीती आणखीच वाढली. आपण उगाच तर नाही ना केलं? उभ्या राहणाऱ्या घरातून माणसं उठवली? आणि ज्याच्यावर जीव जडला, त्यालाच बेघर केलं?

"रड गं," वहिनी म्हणाली. "पोटात ठेवू नकोस."

"रडायचीही भीती वाटते, वहिनी. सुरू झालं तर थांबणार नाही."

एका सुट्टीच्या दिवशी दारावर टकटक झाली. इतकी हलकी, की वाऱ्याने वाजलं असावं असं वाटलं. ससुलीने दार उघडलं.

चष्मेवाला उभा होता. दाढी वाढलेली. उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत ओल्या चिखलाने माखलेली. तो धापा टाकत होता, धावत आल्यासारखा.

"पाया तपासायला आज दुकानाची फरशी काढली," तो म्हणाला. "भिंतीजवळची. खाली माती नव्हती. सगळी वाहून गेली होती. मुकादम म्हणाला, हात घालून बघ. मी पालथा पडलो, हात घातला... खांद्यापर्यंत गेला, तरी तळ लागला नाही. नुसतं गार. काही नव्हतं तिथे. वर फरशी, आणि खाली काही नाही."

ससुलीने दाराची चौकट घट्ट धरली.

"तिथे स्टूल होतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "तुला मी तिथे बसवत होतो. रोज. तुझा चष्मा... तुझा चष्मा तर पहिल्याच आठवड्यात तयार झाला होता गं. मी मुद्दाम वेळ लावत होतो. काडी सरळ करायचो आणि परत वाकवायचो. तू यावीस म्हणून. आणि तुला बसवायचो कुठे, तर तिथे..." "मघाशी तिथे पडल्या पडल्या मला दुसरं काही सुचलंच नाही. घर नाही, दुकान नाही. एवढंच, की तू... तू त्याच्यावर बसून हसत होतीस."

त्याने तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"मला माहीत होतं," ससुली म्हणाली.

"काय?"

"एक काडी वाकवायला इतके फेरे लागत नाहीत. मी घाबरट आहे, वेडी नाही."

"आणि तरी येत होतीस? ती भेग बघूनही?"

"रोज भीती वाटायची. कोपऱ्यावरून परत फिरावंसं वाटायचं. मग वाटायचं, मी आत नसताना ती पडली तर..." आता मात्र तिचे डोळे वाहू लागले, आणि तिने ते वाहू दिले. "त्याची जास्त भीती वाटायची."

तो पुढे झाला आणि थबकला. हाताला चिखल होता. ससुलीनेच तो हात धरला, तसाच, चिखलासकट. हात गार होता.

"आत्या विचारत होती," तो अडखळत म्हणाला, "ती पोरगी परत का येत नाही... म्हणजे, मीच विचारतोय. आमच्याकडे सध्या घर नाही. हॉलच्या एका कोपऱ्यात पडदा लावलाय, एवढंच. तिथे कुणाला ये म्हणायचीसुद्धा लाज वाटते. पण..."

"येईन," ती म्हणाली.

"मी अजून पुरतं विचारलं नाही."

"कळलं मला. येईन."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. वहिनीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "ससुली, कोण आलंय गं? पाहणीवाले असतील तर सांग, आमच्या घरातच एक आहे!"

चष्मेवाला दचकून मागे सरकायला गेला. ससुलीने त्याचा हात सोडला नाही.

"आपलंच माणूस आहे, वहिनी," ती म्हणाली, आणि त्याला आत घेतलं.